जोलबाबूंच्या दोन बाटल्या

टॉलीगंजच्या त्या घरात आम्ही सामान उतरवत होतो, तेव्हा वरच्या मजल्यावरून एक सडपातळ गृहस्थ जिना उतरून आले. मी पाण्याचा पेला तोंडाला लावणारच होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची एक बारीक पट्टी काढली, माझ्या पेल्यात बुडवली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "सात. प्यायला हरकत नाही." मग त्यांनी नमस्कार केला आणि नाव सांगितलं, घारपुरे.

माझ्या यजमानांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली होती. मला बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्याच दिवशी भेटलेला पहिला माणूस मराठी निघाला याचा आनंद मानावा, की तो थोडा चक्रम निघाला याची काळजी करावी, हे मला कळेना. पुढच्या तीन वर्षांत दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचं सिद्ध झालं, आणि आनंदाचं पारडं कितीतरी जड राहिलं.

घारपुरेकाका जन्माने कलकत्त्याचे. त्यांचे वडील नोकरीसाठी आले ते तिथलेच झाले. काकांचं मराठी अगदी पुस्तकी, स्वच्छ, पण रागावले की ते बंगालीत शिरत आणि शांत झाल्यावर परत येत. ते बजबजच्या एका तागाच्या गिरणीत केमिस्ट होते. काम एकच, बॉयलरचं पाणी तपासायचं. पाण्यात क्षार असले की बॉयलरच्या नळ्यांत आतून पापुद्रा धरतो, नळ्या तापतात, फुगतात, आणि एखाद दिवशी फुटतात. तसं होऊ नये म्हणून काका अठ्ठावीस वर्षं क्षारांशी लढत होते. जड पाण्याबद्दल ते असं बोलत, जसं लोक भाऊबंदकीतल्या चुलत्याबद्दल बोलतात. गिरणीतले कामगार त्यांना जोलबाबू म्हणायचे. पाण्याला बंगालीत जोल म्हणतात, एवढं बंगाली मी पहिल्या आठवड्यात शिकले ते यामुळेच.

खिशातली ती पट्ट्यांची गुंडाळी त्यांच्यापासून कधी वेगळी झाली नाही. पट्टी भिजली की रंग बदलायची. सात म्हणजे ना आंबट ना खारं, सातच्या खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्क. माझी कढी त्यांनी तपासली, आमच्या घरमालकांचा चहा तपासला, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला गुरुजींनी पळीतून तीर्थ दिलं तेव्हा आधी पट्टी आणि मग तोंड, असा क्रम ठेवला. काकू शेजारी बसून दुसरीकडे बघत राहिल्या. लग्नाला तीस वर्षं झाली की माणसाला दुसरीकडे बघण्याची कला साधते, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

वरच्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. लोखंडी चौकटीत काचा बसवलेल्या सात टाक्या भिंतीला लागून उभ्या होत्या आणि पाहुण्यांनी त्यांच्यासमोर मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर, बसायचं. टाक्यांत एकाच जातीचे मासे होते. आफ्रिकेतल्या नद्यांमधला, सिक्लिड घराण्यातला बुटका मासा, जेमतेम बोटाएवढा. काका त्याला क्रिब म्हणायचे. नर थोडा लांब, शेपटीच्या मधोमध टोक आलेला. मादी आखूड, गोल, आणि रंगात आली की तिचं पोट पिकल्या करवंदासारखं लालजांभळं. काकू त्यांना सरसकट लालपोटे म्हणायच्या.

हा मासा उघड्यावर अंडी घालत नाही, त्याला गुहा लागते. काकांनी ती गुहा कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून आणली होती. कलकत्त्यात चहा मातीच्या छोट्या कुल्हडात मिळतो आणि पिऊन झालं की लोक ते फोडून टाकतात. काका ते फोडायचे नाहीत, धुऊन घरी आणायचे, कडेला एक खाच पाडायचे आणि टाकीत पालथं घालायचे. मादी आत शिरून छताला अंडी चिकटवते आणि नर दारात पहारा देतो. आठ-दहा दिवसांनी ती बाहेर येते तेव्हा तिच्या पोटाखाली पिल्लांचा एक धुरकट ढग असतो. ती शेपटीने खूण करते आणि अख्खा ढग खाली बसतो, पुन्हा खूण करते आणि ढग उठतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गॅसवर वरण करपलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मासे आणले होते हसनमियाँनी. रत्नागिरीकडचे हे खलाशी, बोट खिदिरपूरच्या गोदीत लागली की काकूंच्या हातचा भात आणि माशाचं कालवण खायला टॉलीगंजला यायचे. एका फेरीत त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून सहा क्रिब थर्मासमध्ये घालून आणले. महिनाभर बोटीवर ते आपल्या वाट्याचं पाणी त्यांना देत होते. कलकत्त्याला पोहोचेपर्यंत दोन उरले, पण एक नर आणि एक मादी. काका त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे, नुसते टाकीसमोर बसले. हसनमियाँनी त्या बदल्यात एकच गोष्ट मागितली. बोटीवरून कायमचं उतरल्यावर गावी घराच्या ओट्यावर ते काचेची टाकी ठेवणार होते, आणि तिच्यासाठी काकांनी एक जोडी द्यायची. काकांनी शब्द दिला.

शब्द दिला त्याला आता तीन वर्षं होत आली होती आणि जोडी काही तयार होत नव्हती.

पिल्लं होत नव्हती असं नाही. म्हातारी मादी, काका तिला बाईसाहेब म्हणायचे, दर दोन-तीन महिन्यांनी अंडी घालायची. पिल्लं धडधाकट वाढायची. पण तीन-चार महिन्यांनी ओळखू येण्याइतकी मोठी झाली की सगळी नर. एका खेपेला बेचाळीस पिल्लं, बेचाळीसही नर. दुसऱ्या खेपेला एक मादी निघाली, ती पंधरवड्यात मेली. काका रविवारी हातीबागानच्या बाजारात जाऊन मासेवाल्यांना नर वाटून यायचे आणि कुणाकडे मादी आहे का विचारायचे. नव्हती. साऱ्या शहरात ती एक म्हातारी आणि तिचे शंभरेक मुलगे, अशी परिस्थिती होती.

मी तिथे असताना हसनमियाँ एकदा येऊन गेले. काकांनी त्यांना टाक्या दाखवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, नुसत्या बापयांचा संसार कसा व्हायचा?" मग पानावर बसता बसता सांगितलं, की पुढची फेरी शेवटची. हसनमियाँ गेल्यावर काकांनी सातही टाक्यांचं पाणी पुन्हा तपासलं, जणू पाण्यात काही उणं राहिलं असेल तर ते आत्ता सापडेल.

पाण्यात उणं काही नव्हतंच. या माशांना मऊ, किंचित आंबट पाणी आवडतं, असं काकांनी एका जुन्या परदेशी मासिकात वाचलं होतं. मऊ पाणी म्हणजे तर काकांच्या घरचंच कार्य. गिरणीच्या प्रयोगशाळेत वाफ थंड करून डिस्टिल्ड पाणी बनायचं, क्षाराचा कण नाही. ते रोज दोन बाटल्या घरी आणायचे, रुंद तोंडाच्या, काचेच्या बुचाच्या. त्यात नळाचं थोडं पाणी मिसळायचं आणि अंगणातल्या काठबदामाची, म्हणजे आपल्या देशी बदामाच्या झाडाची, दोन वाळकी पानं टाकायची. पाणी चहासारखं तांबूस व्हायचं आणि पट्टी साडेपाच दाखवायची. साडेपाच म्हणताना काकांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती यायची, ती मी गवयांच्या चेहऱ्यावरच पाहिली आहे.

या बाटल्यांसाठी त्यांनी साहेबांची लेखी परवानगी घेतली होती. रोज संध्याकाळी ते गेटपास लिहायचे, "पाणी, दोन बाटल्या", सही करून घ्यायचे, आणि गेटवरचा दरवान रोज बूच काढून वास घ्यायचा. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा रोज वास घेतला जातो याचं मला वाईट वाटायचं. काका म्हणायचे, त्याचं काम तो चोख करतो, बाटलीत दारू असती तर सापडली असती.

ते दिवस कलकत्त्यात वाईट होते. भिंतींवर घोषणा, गल्लीत फटाके की बॉम्ब ते कळायचं नाही, आणि संध्याकाळी स्टेशनांवर झडत्या. एकदा बजबजच्या लोकलमधून उतरल्यावर टॉलीगंज स्टेशनावर एका हवालदाराने काकांना अडवलं. दोन बाटल्या, आत रंगहीन द्रव, बरोबर पिवळ्या कागदाची गुंडाळी. हवालदाराला वाटलं अ‍ॅसिड. काकांनी गेटपास दाखवला. हवालदार म्हणाला, "पानी है तो पीके दिखाओ." काकांनी बूच काढलं, तिथेच उभं राहून अर्धी बाटली घटाघटा प्यायले आणि तोंड पुसत त्याला सांगितलं, की या पाण्याला चव नसते कारण चव क्षारांची असते. मागे रांग लागली होती. हवालदाराने हात जोडून त्यांना जायला सांगितलं. घरी आल्यावर काका वैतागले होते ते अपमानाने नव्हे, माशांची अर्धी बाटली वाया गेली म्हणून. त्यानंतर कुणी अडवलं की ते विचारायच्या आधीच बूच उघडून घोट घ्यायचे. सवयच लागली.

आणि मग गिरणीला टाळं लागलं.

पहाटेच्या पाळीला गेलेले लोक नोटीस वाचून परत आले. आठवड्यात उघडेल म्हणता म्हणता चार महिने गेले. काका मात्र रोज नेहमीच्या गाडीने बजबजला जायचे. बंद फाटकासमोर इतरांबरोबर बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. बाटल्या पिशवीत न्यायचे आणि रिकाम्याच परत आणायचे. पहिल्या दिवशी मी जिन्यात त्यांना पाहिलं, पिशवीत काच काचेवर किणकिणत होती. भरलेल्या बाटल्या कधी वाजत नाहीत. मला फार वाईट वाटलं आणि मी काहीतरी बाजाराचं बोलून आत गेले.

टाळं लागलं त्याच आठवड्यात बाईसाहेबांनी अंडी घातली होती. काकूंच्या मते ती त्यांची शेवटचीच. रंग उतरला होता, पोहताना एका अंगाला कलायच्या. घरात साठवलेल्या बाटल्या दहा दिवसांत संपल्या. काका टाक्यांकडे बघेनासे झाले. खिशातली गुंडाळीही दिसेना. मी एकदा मुद्दाम कढी घेऊन वर गेले, तर त्यांनी ती नुसतीच प्यायली. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

माशांचं सगळं काकूंवर आलं. ज्या बाईने इतकी वर्षं त्या खोलीचा केर काढताना नाक मुरडलं होतं, ती आता सकाळ-संध्याकाळ पिल्लांना खायला घालत होती आणि पाणी बदलत होती. कोणतं पाणी, हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

एका रविवारी सकाळी मी वर वाटी परत करायला गेले होते. काका वर्तमानपत्र धरून बसले होते, वाचत नव्हते. ऊन तिसऱ्या टाकीवर पडलं होतं. ती पिल्लं आता इंचभर झाली होती. मी सहज वाकून पाहिलं आणि म्हटलं, "काका, यांची पोटं अशी लाल का दिसताहेत?"

वर्तमानपत्र खाली पडलं. काका टाकीशी आले, चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतलं. मग ते बोटाने मोजायला लागले, चुकले, पुन्हा मोजायला लागले. अडतीस पिल्लं होती. त्यातल्या एकतीस माद्या. त्यांनी मला मोजायला लावलं. माझ्या एकोणतीस झाल्या, तेव्हा पुन्हा दोघांनी मिळून मोजलं. एकतीसच. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मासे माझे नव्हते, शब्द माझा नव्हता, पण मी हातातली वाटी तशीच घेऊन नाचायची बाकी होते.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो केमिस्टला शोभेल असाच. यात पाणी कोणतं आहे? आतून काकू म्हणाल्या, हापशाचं. नळाला पहाटे करंगळीएवढी धार येते, ती स्वयंपाकाला लागते. मग टाकीत काय घालणार? गल्लीतल्या हापशाचं रोज दोन कळश्या. आणि पानं? पानं कुजून घाण होत होती, म्हणून काढून टाकली. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्हाला त्रास झाला असता.

गल्लीतला तो हापसा. त्याच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि कळशीला आतून पांढरं कडं धरायचं. काकांनी कपाटातून गुंडाळी शोधून काढली, पट्टी बुडवली, उजेडात धरली. पट्टी हिरवट झाली. साडेसातच्या वर.

ते मोड्यावर बसले. मग म्हणाले, "हे पाणी मी बॉयलरला दाखवलंसुद्धा नसतं."

काकू दारात येऊन उभ्या होत्या, हात पदराला पुसत. त्या म्हणाल्या, "मासा म्हणजे काही बॉयलर नव्हे."

काकांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. तीस वर्षांत असं पाहिलं नसावं, कारण काकू चक्क लाजल्या. "म्हणजे मीच," ते म्हणाले, "तीन वर्षं हे सगळे नर बाटल्यांतून गाडीने उचलून आणत होतो." त्यांना आता सगळं उलगडत होतं. ते आंबट, मऊ, नावाजलेलं पाणी पिल्लांना पहिल्या महिन्यात मिळालं की ती नर होत होती. त्यांनी पाण्याची वही वेगळी ठेवली होती आणि माशांची वेगळी. दोन्ही वह्या अगदी टापटीप, फक्त त्या शेजारी शेजारी कधी उघडल्या नव्हत्या. त्या रविवारी त्या जेवणाच्या टेबलावर उघडल्या गेल्या आणि दुपारपर्यंत कुणाला जेवायला मिळालं नाही.

बाईसाहेब त्याच महिन्यात गेल्या. काकांनी त्यांना काठबदामाच्या मुळाशी पुरलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. एकदा घडलं ते नशीबही असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. मुलींमधली एक वयात आली, तिने अंडी घातली, तोवर गिरणी उघडली होती. काकांनी पिल्लांचे तीन वाटे केले आणि तीन टाक्यांवर खडूने लिहिलं: गिरणी, गल्ली, आणि दोन्ही पाणी निम्मं निम्मं घातलेल्या मधल्या टाकीवर नुसतं घर. मी रोज वर जायचे. यजमान म्हणायचे, तू आता तिकडेच राहायला जा. तीन महिन्यांनी निकाल लागला. गिरणीत जवळजवळ सगळे नर, गल्लीत बहुतेक माद्या, आणि घरात दोन्ही, जवळपास सारख्या. काकांनी सगळ्या इमारतीला शोंदेश ही बंगाली मिठाई वाटली. का वाटताहेत हे घरमालकांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

बातमी मंडळात पोहोचली तेव्हा एक वजनदार गृहस्थ रिकामी बाटली घेऊन आले. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते आणि त्यांना गिरणीचं पाणी हवं होतं. मला वाटलं काका आता बंगालीत शिरणार. तसं झालं नाही. त्यांनी गृहस्थांना मोड्यावर बसवलं आणि दीड तास बॉयलरच्या नळ्या कशा फुटतात ते समजावून सांगितलं. चहा विचारला नाही. गृहस्थ बाटली तिथेच विसरून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

हसनमियाँचं कार्ड आलं ते पावसाळा संपताना. बोट दोन दिवस खिदिरपूरला थांबणार, उतरायला परवानगी नाही, भेट झाली तर गोदीच्या फाटकाच्या आतच. काकांनी 'घर' लिहिलेल्या टाकीतली एक जोडी निवडली. एका बाटलीत नर, एकीत मादी, नाहीतर वाटेत भांडतील. टॅक्सी हादरते म्हणून एक बाटली धरायला मी बरोबर गेले. मादी माझ्याकडे होती. सगळ्या रस्त्यात मी बाटलीवरून नजर काढली नाही, आणि काका दर चौकात विचारत होते, श्वास घेते आहे ना.

गोदीच्या फाटकावर मला आत सोडेनात. काकांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि दोन्ही बाटल्या घेऊन पुढे गेले. पहारेकरी आडवा आला. यात काय आहे? काकांच्या तोंडून रोजच्या सवयीने उत्तर गेलं, "पानी." पहारेकरी म्हणाला, "पीके दिखाइए."

आणि काकांनी बूच काढलं. खरंच काढलं. बाटली ओठांपर्यंत नेली आणि तिथेच थांबले. मग त्यांना स्वतःचंच हसू फुटलं. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी बाटली उन्हाकडे धरली, पहारेकऱ्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "नहीं पी सकता, भाई. इसमें लड़की है."

पहारेकरी वाकला. उन्हात ते लाल पोट चमकलं असावं, कारण त्याने डोक्यावरची टोपी मागे सरकवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाहतच राहिला. दोघांची डोकी त्या एवढ्याशा बाटलीवर जवळ आली होती. काका काहीतरी समजावून सांगत होते, बहुधा हापशाचंच. मग पहारेकऱ्याने स्वतः फाटक उघडलं.

त्यानंतरही आम्ही वर्षभर टॉलीगंजला होतो, पुढे बदली झाली, आणि निरोपाच्या दिवशी काकांनी आमच्या प्रवासाच्या सुरईत पट्टी बुडवली होती, तेही आठवतं. पण डोळ्यांसमोर येतात ते गोदीतले काका. पलीकडे क्रेनखाली हसनमियाँ उभे आहेत, आणि दोन बाटल्या छातीशी धरून काका त्यांच्याकडे चालले आहेत, एकही थेंब सांडू नये अशा बेताने.